घरमालक की किरायेदार, ग्रामपंचायतीत आधी कोणाचा हक्क? पिपरी मेघेच्या निमित्ताने समजून घ्या नियम

पिपरी मेघे (ता. वर्धा) : नळाला पाणी कमी आलं, नाली तुंबली, रस्त्यावरचा लाईट बंद पडला की गावात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "घरटॅक्स आम्ही भरतो, आमचं काम आधी करा. किरायेदार काय, आज हाय उद्या नाही." किरायेदाराचं उत्तरही ठरलेलं असतं. "आम्ही काय फुकट राहतो का? दर महिन्याला किराया मोजतो."

वर्धा शहराच्या भोवतालच्या सगळ्याच मोठ्या ग्रामपंचायतींमध्ये हा वाद आहे. ग्रामपंचायतीने घरमालकाला आधी धरावं की सगळ्यांना सारखं, याबद्दल कायदा काय सांगतो, कुठे मालकाचा हक्क खरंच वेगळा आहे, कुठे तसा फरक करता येत नाही आणि किरायेदाराने कोणती कागदपत्रं करून ठेवावी, याची माहिती येथे एकत्र दिली आहे.

थोडक्यात

- ग्रामपंचायतीचा मतदार होण्यासाठी स्वतःचं घर लागत नाही. गावात राहणं लागतं.
- नुसतं घर गावात आहे म्हणून कोणी त्या गावचा मतदार होत नाही.
- वित्त आयोगाचा पैसा गावाला मुख्यतः लोकसंख्येवर मिळतो. त्यात किरायेदारही मोजला जातो.
- घराच्या कागदांवर हक्क मालकाचा. पाणी, नाली, लाईट, शाळा यांवर हक्क राहणाऱ्याचा.
- किरायेदाराचं नाव मतदार यादीत नसेल तर ग्रामसभेत त्याला मत देता येत नाही. खरी अडचण इथेच आहे.

पिपरी मेघेत हा प्रश्न मोठा का?

पिपरी मेघे वर्धा शहराला लागून आहे. कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी जनगणनेच्या हिशेबात हे 'जनगणना शहर' आहे. किमान 5,000 लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 लोक आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात, अशा तीन अटी पूर्ण करणाऱ्या गावाला हे नाव मिळतं. म्हणजे वस्ती शहरासारखी आणि कारभार गावाचा.

सावंगी मेघेचं दवाखाना आणि मेडिकल कॉलेज, सेवाग्रामचं दवाखाना आणि मेडिकल कॉलेज, वर्ध्याची सरकारी कार्यालयं, कॉलेजं, हिंदी विद्यापीठ, एमआयडीसी, भूगावचा पोलाद कारखाना, या सगळ्यांमुळे वर्ध्याच्या आजूबाजूला खोल्या किरायाने घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यात नर्स, विद्यार्थी, शिक्षक, कामगार आहेत. आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूर, हिंगणघाट, देवळी, सेलू तालुक्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली शेतकरी कुटुंबंही आहेत. गावाकडे त्यांचं घर आणि वावर असतं, इथे दोन खोल्या किरायाच्या.

2011 च्या जनगणनेत देशाच्या ग्रामीण भागात किरायाच्या घरात राहणारी कुटुंबं साधारण 3.4 टक्के होती. शहरी भागात हेच प्रमाण साधारण 27.5 टक्के होतं. ग्रामपंचायतीचा सगळा कारभार ज्या गावाला समोर ठेवून बनला, त्या गावात जवळपास प्रत्येकाचं स्वतःचं घर होतं. म्हणून घरटॅक्स, नळजोडणी, नमुना 8, सगळं घरमालकाच्या नावाने चालतं. शहराला लागलेल्या गावात माणसं बदलली, वही मात्र तीच राहिली.

मतदार कोण? घर कोणाचं हा प्रश्नच नाही

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामपंचायतीची वेगळी मतदार यादी बनत नाही. विधानसभेची जी मतदार यादी आहे, तिचा त्या गावापुरता भाग म्हणजेच ग्रामपंचायतीची यादी. त्या यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य आहे. राज्यघटनेतल्या 73 व्या दुरुस्तीतही (24 एप्रिल 1993 पासून लागू) ग्रामसभेची व्याख्या हीच आहे. तिथे घरमालक हा शब्दच नाही.

विधानसभेच्या यादीत नाव कसं येतं, हे लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 मध्ये दिलं आहे. वय 18 पूर्ण पाहिजे आणि माणूस त्या ठिकाणी 'सामान्यतः राहणारा' पाहिजे. याच कायद्याच्या कलम 20 मध्ये एक गोष्ट स्पष्ट आहे. केवळ एखाद्या ठिकाणी घर मालकीचं किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरून माणूस तिथे सामान्यतः राहतो असं धरलं जाणार नाही.

म्हणजे पिपरी मेघेत ज्याचं दोन मजली घर आहे पण जो बारा महिने नागपूर किंवा पुण्याला राहतो, त्याचं मत कायद्याने तिकडे पाहिजे. त्याच घरात खालच्या खोलीत किरायाने राहणाऱ्या कुटुंबाचं मत इथे पाहिजे. कामासाठी थोडे दिवस बाहेर गेलेल्याचा हक्क मात्र जात नाही, तेही त्याच कलमात आहे.

निवडणूक लढवायलाही घर लागत नाही. वय 21 पूर्ण आणि यादीत नाव पाहिजे. उमेदवाराच्या शौचालयाच्या अटीत तर 'स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारा' आणि 'स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या घरात राहणारा' अशा दोघांचाही उल्लेख आहे. किरायेदार सदस्य होऊ शकतो, सरपंच होऊ शकतो, हे कायद्याने आधीच धरलेलं आहे.

'घरटॅक्स आम्ही भरतो' हे किती खरं?

पावती घरमालकाच्या नावाने फाटते, हे खरं आहे. पण थोडं आत जाऊन पाहिलं पाहिजे.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही. त्यात मालकाच्या नावाचा रकाना आहे, तसाच 'भोगवटा करणाऱ्याचे नाव' असाही रकाना आहे. भोगवटा करणारा म्हणजे प्रत्यक्ष राहणारा. घर आणि जागेवरचा कर मालक किंवा भोगवटादार यांच्याकडून घेण्याची सोय नियमात आहे. नमुना 9 मध्ये कराची मागणी लिहिली जाते आणि नमुना 10 ही भरल्याची पावती. बहुतेक ठिकाणी भोगवट्याच्या रकान्यात मालकाचंच नाव किंवा 'स्वतः' असं लिहून काम भागवलं जातं. त्यामुळे किरायाने राहणारं कुटुंब वहीत दिसतच नाही.

2015 च्या अखेरीस नियम बदलल्यापासून घरटॅक्स भांडवली मूल्यावर काढला जातो. घराचं क्षेत्रफळ, रेडी रेकनरचा दर, घराचं वय, बांधकामाचा प्रकार आणि वापर पाहून आकडा ठरतो. राहण्याचा वापर आणि धंद्याचा वापर यांचा भारांक वेगळा आहे. राहणारा मालक आहे की किरायेदार, यावरून राहत्या घराचं भांडवली मूल्य बदलत नाही.

आता किराया कसा ठरतो ते पाहू. खोली देताना मालक घराचा खर्च, कर्जाचा हप्ता, पाण्याचा आकार, घरटॅक्स आणि आजूबाजूचा भाव धरूनच आकडा सांगतो. घरटॅक्स मालकाच्या हातून जातो, पण त्यातला वाटा किरायेदाराच्या खिशातून आलेला असतो. अमेरिकेत फिनिक्स शहराच्या प्रकरणात 1970 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा होता. शहराच्या कर्जरोख्यांवर फक्त मालमत्ता असलेल्यांनीच मतदान करावं, असा नियम होता. न्यायालयाने तो रद्द केला. शहराच्या सोयी सगळेच वापरतात आणि मालमत्ता कराचा भार किरायातून किरायेदारावरही येतो, हे त्यामागचं एक कारण होतं.

गावाला पैसा घरावर नाही, डोक्यावर येतो

ग्रामपंचायतीला नुसत्या घरटॅक्सवर विकासकामं करता येत नाहीत. मोठा आधार वित्त आयोगाच्या निधीचा असतो. 15 व्या वित्त आयोगाच्या काळात (2020-21 ते 2025-26) राज्यात या निधीतला 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींना, 10 टक्के पंचायत समित्यांना आणि 10 टक्के जिल्हा परिषदेला दिला गेला. प्रत्येक ग्रामपंचायतीचा हिस्सा काढताना 90 टक्के वजन लोकसंख्येला आणि 10 टक्के क्षेत्रफळाला होतं.

लोकसंख्या म्हणजे जनगणनेत त्या गावात मोजलेली माणसं. जनगणना करणारा कर्मचारी सातबारा किंवा खरेदीखत मागत नाही. जो राहतो तो मोजला जातो. त्यामुळे 2011 ला गावात किरायाने राहणारा जो माणूस मोजला गेला, त्याच्या नावानेही गावाला दरवर्षी पैसा आला. 2021-22 पासून यातला 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. ज्याच्या डोक्यावर निधी आला, त्यालाच पाण्याच्या रांगेत मागे उभं करायचं, हा हिशेब जुळत नाही.

यात एक अडचणही आहे. 2011 नंतर जे लोक राहायला आले ते या हिशेबात नव्हतेच. वस्ती वाढली, निधीचा आकडा जुन्या डोक्यांवर राहिला. म्हणून पुढची जनगणना महत्त्वाची आहे. तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. त्या वेळी किरायाच्या खोलीतलं एकही कुटुंब सुटलं तर नुकसान फक्त त्या कुटुंबाचं नाही, अख्ख्या गावाचं आहे. 'आमच्याकडे कोणी राहत नाही' असं सांगून मोजणीवाल्याला परत पाठवणारा घरमालक स्वतःच्याच गल्लीतल्या नालीचा पैसा कमी करतो.

मालकाचा हक्क कुठे वेगळा आहे?

सगळीकडे मालक आणि किरायेदार सारखे, असंही नाही. खालची कामं मालकाचीच आहेत.

- नमुना 8 चा उतारा, घराची फेरफार नोंद, वारसाची नोंद.
- बांधकामाची परवानगी, मजला चढवणं, ओटा किंवा कंपाउंड काढणं.
- ग्रामपंचायतीची येणे बाकी नसल्याचा दाखला. मालमत्तेच्या व्यवहाराला तो लागतो.
- आकारणी जास्त झाली असेल तर घरटॅक्सवरची हरकत. आकारणी साधारण दर चार वर्षांनी सुधारली जाते. यादी प्रसिद्ध झाली की मुदतीत हरकत द्यावी लागते.
- घरावर नवीन नळजोडणी घेणं.

जबाबदारीही मालकाचीच. बिल दिल्यापासून तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर भरला नाही तर ती व्यक्ती सदस्यपदाला अपात्र ठरू शकते. मोकळा प्लॉट असला तरी त्यावर कर आहे. घरात खानावळ, दुकान किंवा धंद्याचं वसतिगृह सुरू केलं तर वापर बदलतो आणि आकारणीही बदलू शकते. तो बदल कळवणं मालकाचं काम.

कुठे फरक करता येत नाही?

पाणी. पिपरी मेघेसह 13 गावांची पाणीपुरवठा योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची आहे. जोडणी घरमालकाच्या नावाने असते, पण पाणी माणूस पितो. जलजीवन मिशनचं मापही घराचं नाही, माणसाचं आहे. दर माणशी दररोज 55 लिटर. पाच माणसांच्या घराला 275 लिटर. त्याच घरात तीन किरायेदार कुटुंबं धरून 15 माणसं असतील तर 825 लिटर. नळ एकच धरून नियोजन केलं तर टाकी आणि पाइप दोन्ही कमी पडणारच. किरायेदार जास्त पाणी ओढतात, ही तक्रार बरेचदा चुकीच्या मोजणीतून येते.

वीज. वीज कायदा 2003 च्या कलम 43 मध्ये जोडणी मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला किंवा भोगवटादाराला, दोघांनाही दिला आहे. मालक ना हरकत देत नाही म्हणून किरायेदाराला वीज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. तीन कुटुंबं एकाच मीटरवर असली की युनिट एकत्र धरले जातात आणि बिल वरच्या दरात जातं. त्यामुळे वेगळं मीटर दोघांच्याही फायद्याचं.

रेशन. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेमुळे अन्नसुरक्षा यादीतल्या कुटुंबाला मूळ गाव सोडून दुसऱ्या गावच्या दुकानातूनही आधारच्या आधारे धान्य घेता येतं. कार्ड आष्टीचं असलं म्हणून पिपरीच्या दुकानदाराला नाही म्हणता येत नाही.

शाळा आणि अंगणवाडी. अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत पोराचं घर स्वतःचं आहे का, हे पाहिलं जात नाही. मात्र खासगी शाळेतल्या 25 टक्के आरटीई प्रवेशासाठी किरायाने राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. साध्या कागदावरचा करार चालत नाही. इथे अनेक गरीब पालकांची संधी जाते.

जन्म, मृत्यू, विवाह दाखला. जन्म आणि मृत्यूच्या नोंदीचा संबंध घटना कुठे घडली याच्याशी आहे, घर कोणाचं याच्याशी नाही. घरमालकाचा टॅक्स थकला म्हणून किरायेदाराचा दाखला अडवणं बरोबर नाही. या सेवा लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली येतात. अर्जाची पोच घ्यावी. नाकारायचं असेल तर अधिकाऱ्याला कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. रहिवासाबद्दल बऱ्याच कामांना आता स्वयंघोषणापत्र चालतं.

घरमालकांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे

घरमालकाची तक्रार पूर्ण चुकीची नाही. त्याने आयुष्याची कमाई त्या घरात घातलेली असते. रस्ता खराब झाला, नाली उघडी राहिली तर त्याच्या घराची किंमत पडते. किरायेदार खोली बदलून मोकळा होतो, मालकाला तिथेच राहायचं आहे. ले-आउट पडला तेव्हा रस्ता, नाली, खुली जागा मिळेल असं सांगून प्लॉट विकले गेले आणि पुढे वर्षानुवर्षं चिखल तुडवला, असे अनुभव शहरालगतच्या कोणत्याही वस्तीत ऐकायला मिळतात. अशा माणसाला आपला आवाज आधी ऐकला जावा असं वाटलं तर त्यात नवल नाही.

दुसरी तक्रार कचऱ्याची. किरायेदार पोरं कचरा कुठेही टाकतात, पाणी वाया घालवतात, असं म्हटलं जातं. काही ठिकाणी ते खरंही असतं. पण त्यावर उपाय नियम आणि दंड हा आहे आणि तो मालक, किरायेदार दोघांनाही सारखा लागला पाहिजे. कचरा रस्त्यावर फेकणारा मालक असला तर तोही दोषीच.

राहण्याचा काळ पाहिला तरी सरसकट रेघ ओढता येत नाही. 11 महिन्यांचा करार दरवर्षी वाढवत दहा-पंधरा वर्षं एकाच गावात राहणारी कुटुंबं आहेत. उलट प्लॉट घेऊन ठेवलेला आणि गावात पाय न ठेवणारा मालकही आहे. यातला गावकरी कोण? पोरगं इथल्या शाळेत जातं, म्हातारी इथल्या दवाखान्यात जाते, पाणी इथल्या टाकीचं पितात, ते कुटुंब गावचं नाही असं म्हणता येत नाही.

आधी हा हक्क घरावरच होता

मालमत्ता असेल तरच मत, ही पद्धत आपल्याकडेही होती. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. इंग्रजांच्या काळात मताचा हक्क सारा, कर, मालमत्ता किंवा शिक्षण अशा अटींवर मिळत होता. मजूर, कूळ, बहुतेक बाया यादीच्या बाहेर होत्या. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने ही अट काढून प्रत्येक सज्ञान माणसाला मत दिलं आणि 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत ते वापरलं गेलं.

उत्तर आयर्लंडमध्ये 1960 च्या दशकाच्या शेवटापर्यंत स्थानिक निवडणुकीत घरपट्टी भरणाऱ्या घरधारकाला आणि त्याच्या जोडीदारालाच मत होतं. दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन राहणाऱ्याला नव्हतं, आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या मोठ्या पोरांनाही नव्हतं. त्याविरुद्ध 'एक माणूस, एक मत' अशी मागणी घेऊन लोक रस्त्यावर उतरले आणि 1969 मध्ये तो नियम बदलला. आपल्याकडे ही लढाई कागदावर 1950 लाच जिंकली गेली. नाव यादीत आणायचं काम मात्र ज्याचं त्याने करायचं आहे.

शंभर माणसं आणि अख्खं गाव

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. पिपरी मेघेसारख्या मोठ्या गावात अर्थातच 100. गणपूर्ती झाली नाही आणि सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला तीही अट नसते. म्हणजे हजारो लोकांच्या गावाचा विकास आराखडा शंभर माणसं, कधी त्याहून कमी माणसं मंजूर करतात. त्या शंभरात किरायेदार किती असतात? यादीत नाव नाही, कामाच्या वेळेला सभा, आणि 'आपलं काय आहे इथे' ही भावना, या तीन कारणांनी ते येत नाहीत. मग नवीन नाली कुठे, पाण्याची लाईन आधी कुठे, हे जे आले त्यांच्या सोयीने ठरतं. घरमालकाला आधी धरा असा ठराव कोणी न घेताही कारभार आपोआप तसा होतो.

सरपंच 2022 पासून पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. त्यामुळे किरायाच्या खोलीतल्या चार मतांची किंमतही आता वॉर्डापुरती राहिलेली नाही.

किरायेदाराने काय करावं?

1. मतदार यादीत नाव आणा. पहिल्यांदा नोंदणी असेल तर अर्ज क्रमांक 6. आधी दुसरीकडे नाव असेल तर पत्ता बदलासाठी अर्ज क्रमांक 8. निवडणूक आयोगाच्या अॅपवरून किंवा वस्तीच्या बीएलओकडे देता येतो. माहितीसाठी फोन 1950.
2. पत्त्याच्या पुराव्याला आधार, बँक किंवा पोस्टाचं पासबुक, वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी काहीही चालतं. काहीच नसेल तर बीएलओ प्रत्यक्ष येऊन पडताळणी करू शकतो. मालकीचा कागद लागत नाही.
3. नाव एकाच ठिकाणी ठेवा. दोन ठिकाणी नाव ठेवणं आणि खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. गावाकडचं मत ठेवायचं की इथलं, हे घरात बसून ठरवा. शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला शिक्षणाच्या ठिकाणीही नाव नोंदवता येतं.
4. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका. ग्रामपंचायतीला ठरलेल्या तारखेपर्यंतची विधानसभा यादीच वापरली जाते. नंतर धावपळ करून उपयोग नाही. 18 वर्षं पूर्ण होण्यासाठी वर्षात चार तारखा धरल्या जातात : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर.
5. करार नोंदणीकृत करा. लिव्ह अँड लायसन्स कराराचं मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या 0.25 टक्के आहे. महिना 5,000 रुपये किराया आणि 11 महिने धरले तर 55,000 वर साधारण 138 रुपये. परत मिळणारी अनामत असेल तर थोडं जास्त. ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये. नोंदणी ऑनलाइनही होते.
6. किरायाची पावती घ्या किंवा पैसे खात्यावर टाका.

घरमालकाने काय करावं?

किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्याला द्या. नमुना 8 च्या भोगवट्याच्या रकान्यात खरी नोंद करून घ्या. भोगवट्याची नोंद म्हणजे मालकी नाही, त्यामुळे घर हातचं जाईल ही भीती धरू नका. नोंदणीकृत करार असला की मुदत संपल्यावर खोली परत घेण्याचा पुरावा मालकाकडेच असतो. घरटॅक्स आणि पाणीपट्टी कोण भरणार, हे करारातच लिहून ठेवा, म्हणजे नंतर भांडण नाही.

ग्रामपंचायतीने काय करावं?

आकारणी सुधारताना प्रत्येक घरात किती कुटुंबं, किती माणसं राहतात ते लिहून घ्यावं. पाणी, नाली आणि कचरागाडीचं नियोजन घरांवर न करता माणसांवर करावं. ग्रामसभेची सूचना व्हॉट्सअॅपवर आणि किरायाच्या वस्तीतही पोचवावी. बीएलओसोबत वर्षातून एकदा नाव नोंदणीचा दिवस घ्यावा. याला फार खर्च नाही.

नेहमीचे प्रश्न

किरायेदाराला घरकुल मिळतं का? किरायाने राहतो एवढ्यावर मिळत नाही. योजनेच्या यादीत नाव आणि पात्रता लागते. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. यादीत नाव आहे पण जागा नाही, अशांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. पंचायत समितीत विचारावं.

यादीत नाव नसेल तर ग्रामपंचायतीत तक्रार करता येते का? येते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पाणी, नाली, लाईटची तक्रार करायला मतदार असण्याची अट नाही. ग्रामसभेत मत देण्यासाठी मात्र यादीत नाव पाहिजे.

मालक टॅक्स भरत नसेल तर किरायेदाराने भरावा का? भरता येतो. पण आधी मालकाशी लेखी ठरवा आणि पावती जपून ठेवा, म्हणजे किरायातून वळता करता येईल.

ग्रामसभा 'आधी घरमालक' असा ठराव घेऊ शकते का? ग्रामपंचायतीची कर्तव्यं गावात राहणाऱ्यांसाठी आहेत. मतदार म्हणून दोघं सारखे आणि कायद्यापुढेही सारखे. पाण्याच्या किंवा सफाईच्या बाबतीत असा ठराव आला तर गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी हरकत घ्यावी.

पुढची ग्रामसभा लागायच्या आधी यादीत आपलं नाव पाहून घ्या. घरात किरायेदार असेल तर त्याचंही पाहून द्या. गल्लीत चार मतं वाढली तर नाली आपल्याही दारापुढची होते.